गुठळ्या : औषध तेच, वेळ चुकली तर? (लेखांक सातवा)

कोविडच्या लाटेतला एप्रिल 2021 म्हटलं की वसई-विरारला ऑक्सिजनचा तुटवडा आठवतो आणि 23 तारखेच्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात लागलेली आग. त्याच महिन्यात ‘डी-डायमर किती आला?’ हा रक्तातल्या गुठळ्यांचा अंदाज देणाऱ्या तपासणीचा प्रश्नही घरोघरी विचारला जात होता. आकडा वाढलेला दिसला की रक्त पातळ करायच्या गोळीची शोधाशोध सुरू व्हायची. गुठळ्यांची धास्ती खोटी नव्हती. पण औषध लागू पडेल की नाही, हे रिपोर्टवरच्या आकड्यापेक्षा रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून असतं.

धास्तीला आधार होता. 2020 मध्ये नेदरलँड्समधल्या अतिदक्षता विभागांतले 184 कोविड रुग्ण तपासले, तेव्हा गुठळ्या रोखण्याचं नेहमीचं इंजेक्शन चालू असूनही सुमारे 31 टक्के रुग्णांत त्यांचा त्रास आढळला. कोविडने दगावलेल्या सात जणांची फुप्फुसं फ्लूने दगावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली, तर हवेच्या पिशव्यांभोवतीच्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या नऊपट जास्त निघाल्या. नमुना लहान, पण फरक डोळ्यांत भरणारा. वाहिनीचं आतलं अस्तर सुजतं, शरीराचा दाह रक्त गोठवणारी यंत्रणा चेतवतो, त्यात माणूस दिवसचे दिवस अंथरुणाला खिळलेला. मग गुठळी पायाच्या शिरेत धरते, तशी थेट फुप्फुसातही.

मग सगळ्यांनाच रक्त पातळ करणारं हेपॅरिन भरपूर का देऊ नये? हे अनेक देशांत मिळून तपासलं गेलं आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये निष्कर्ष छापून आले. रुग्णालयात दाखल, पण अजून अतिदक्षतेतल्या उपचारांची गरज न पडलेल्या सुमारे 2,200 रुग्णांत पूर्ण डोस घेणारे 80.2 टक्के जण तशा उपचारांविना बरे होऊन घरी गेले. नेहमीच्या उपचारांवरचे 76.4 टक्के. अतिदक्षतेत पोचलेल्या सुमारे 1,100 रुग्णांत मात्र त्याच औषधाच्या त्याच पूर्ण डोसाने फायदा दिसला नाही. जास्त आजारी त्याला जास्त औषध, हा आपला रोजचा हिशेब इथे उलटा पडला. संभाव्य कारण असं, की तोवर फुप्फुसाची हानी बरीच पुढे गेलेली असते. हेपॅरिन नवी गुठळी अडवतं, झालेली हानी भरून काढत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका तर वाढतोच.

‘पण डी-डायमर वाढलेल्यांना तरी द्यावं,’ असा आक्षेप येतो. ब्राझीलमध्ये नेमके असेच दाखल रुग्ण निवडून बहुतेकांना रिव्हारॉक्साबॅनची गोळी पूर्ण डोसात दिली. फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. उलट वरच्या हेपॅरिनच्या चाचणीत मध्यम आजारी रुग्णांना डी-डायमर कमी असतानाही उपयोग होण्याचीच शक्यता जास्त दिसली. शिवाय हा आकडा वयाबरोबर चढतो, गरोदरपणात चढतो, साध्या जंतुसंसर्गातही चढतो. प्रयोगशाळांची एककंही दोन प्रकारची. एकात 500 येणारा नमुना दुसऱ्यात साधारण 250 येतो. नालासोपाऱ्याचा रिपोर्ट वसईच्या रिपोर्टशेजारी ठेवताना एकक कितीजण वाचतात?

दुसरा आक्षेप घरच्या ॲस्पिरिनचा : स्वस्त आहे, घेऊन ठेवायला काय जातं? घरीच बरे होणाऱ्या रुग्णांवर ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी अपिक्साबॅनची गोळी तपासणारी अमेरिकेतली चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गुठळ्यांच्या घटना फारच विरळ होत्या. ब्रिटनमध्ये दाखल असलेल्या जवळपास 15,000 जणांत ॲस्पिरिन घेणारे आणि न घेणारे, दोन्हीकडे 28 दिवसांतले मृत्यू 17 टक्केच. जठरव्रण असलेल्या माणसाला हीच स्वस्त गोळी महागात पडू शकते.

म्हणून सगळं औषध बंद करा असंही नाही. फ्लू किंवा न्यूमोनियाने खाटेवर पडलेल्या रुग्णाला रोज 40 मिलिग्रॅम एनोक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) हा प्रतिबंधक डोस कोविडच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. 1999 च्या एका मोठ्या अभ्यासात वेगवेगळ्या आजारांनी दाखल झालेल्यांत शिरांतल्या गुठळ्यांचं प्रमाण त्याने 14.9 वरून 5.5 टक्क्यांवर आलं. तरीही कोविडपूर्व पाहणीत भारतीय रुग्णालयांतल्या धोका असलेल्या रुग्णांपैकी एक पंचमांशांनाही योग्य प्रतिबंध मिळत नव्हता. पावसाळ्यात आजीला न्यूमोनियाने दाखल केलं, तर डी-डायमरच्या आधी डॉक्टरांना एवढं विचारावं : गुठळ्या रोखायचं इंजेक्शन सुरू आहे का, आणि नसेल तर तिची किडनी, प्लेटलेट की रक्तस्रावाचा धोका, यांपैकी कशामुळे नाही?

(पुढील आठवड्यात : घरी सोडल्यानंतरचे तीस दिवस)