जाहीर नोटिशीने खरेदीखत रद्द होत नाही

‘पैसे पूर्ण दिले नाहीत ना त्याने? मग पेपरात जाहीर नोटीस देऊन टाका, खरेदीखत रद्द!’ हा सल्ला तहसील कचेरीच्या आवारात, भाऊबंदांच्या बैठकीत आणि काही एजंटांच्या टेबलावरही इतक्या ठामपणे दिला जातो, की ऐकणाऱ्याला तो कायदाच वाटतो. तो कायदा नाही. त्यावर विसंबून लोक स्वस्थ बसतात आणि दाद मागायची मुदत हातची घालवतात. म्हणून या सल्ल्याचा राग येतो.

नोंदणीकृत खरेदीखताने मालकी खरेदीदाराकडे गेलेली असते. जी मिळकत आता आपली नाही, ती वर्तमानपत्रातल्या चार ओळींनी परत कशी येईल? विकणाऱ्याने एकट्याने दुय्यम निबंधकांकडे जाऊन ‘रद्दलेख’ नोंदवायचा म्हटला, तरी खरेदीदाराचा हक्क त्याने संपत नाही. आणि पैसे बाकी असणे हे तर रद्द करण्याचे कारणच नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882च्या कलम 54नुसार किंमत आधी दिलेली असो, पुढे देण्याचे कबूल केलेले असो किंवा थोडी दिलेली व थोडी बाकी असो, विक्री ती विक्रीच. बाकी रकमेसाठी दावा लावता येतो. कलम 55नुसार त्या मिळकतीवर तेवढ्या रकमेचा बोजाही राहतो.

पटत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 2020चा निकाल पाहावा. प्रकरण सुरतच्या दिवाणी न्यायालयातून आलेले. जमीन 1,74,02,000 रुपयांना विकली, खरेदीखतात 36 धनादेशांचा उल्लेख; विकणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार हाती पडले फक्त 40,000. खरेदीखत 2009चे, दावा मात्र 2014च्या डिसेंबरात. उरलेली किंमत मिळाली नाही असे धरले तरी खरेदीखत रद्द होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शिवाय मुदतही उलटून गेली होती. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 59प्रमाणे दस्त रद्द करून घेण्यासाठी 3 वर्षे मिळतात, तीही कारण कळल्या दिवसापासून.

मग रद्द होते तरी कधी? दोघे राजी असतील तर करार कायदा, 1872चे कलम 62 मोकळीक देते. साठेखत असेल तर दोघांच्या सहीचा रद्दलेख करून तो नोंदवावा. खरेदीखत होऊन गेले असेल तर खरेदीदाराकडून पुन्हा खरेदीखत करून घेणे हाच सुरक्षित मार्ग. धाकदपटशा किंवा फसवणूक करून सही घेतली असेल, तर कलम 19नुसार करार मोडण्याचा हक्क फसलेल्या पक्षाला आहे, फसवणाऱ्याला नाही; मात्र व्यवहारातून जे मिळाले ते परत करावे लागते. दस्त रद्द करून मागायचा तो विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 31खाली, न्यायालयात. दस्त नोंदणीकृत असेल तर हुकूमनाम्याची प्रत निबंधकांकडे जाते आणि दप्तरातल्या नकलेवर तशी नोंद होते.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही तितकाच महागात पडतो. ‘साठेखत रद्द केल्याची नोटीस आली? फाडून टाका, ती एकतर्फी आहे.’ फाडू नका. साठेखताने मालकी गेलेली नसते, त्यामुळे इथे नोटिशीला वजन आहे. विकणाऱ्याने करार संपवल्याचे कळवले असेल, तर ते बेकायदा ठरवून मागितल्याशिवाय करारपूर्तीचा दावा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटले आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘तोंडी मिटवले, संपले’: नोंदणीकृत करार नंतर तोंडी रद्द केला, याचा पुरावा न्यायालय घेत नाही. ‘बक्षीसपत्र कधीही मागे घेता येते’: देणाऱ्याच्या लहरीवर नाही; पण सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने दिलेली मिळकत आणि नंतर झालेली हेळसांड, यावर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यातील कलम 23खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ‘बिल्डर मनाला येईल तेव्हा बुकिंग रद्द करतो’: रेरा कायद्याच्या कलम 11नुसार फक्त करारातल्या अटींप्रमाणेच, आणि ते बेकायदा वाटले तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. ‘सातबारावरून नाव कमी झाले म्हणजे खरेदी रद्द’: फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने खरेदीखत रद्द होत नाही.