थरथरत्या हाताचे कोडे

पाहुणे बसलेले असतात. घरातील वडीलधारे गृहस्थ चहाचा कप उचलतात, आणि कपबशी किणकिणू लागते. हात मांडीवर स्वस्थ होता तोवर काही नव्हते. कप ओठांशी नेताना मात्र तो कापू लागला. पाहणारा मनात म्हणतो, वय झाले. दुसरा म्हणतो, कंपवात. आणि एखादा उतावळा मनुष्य दारूचा संशय घेऊन मोकळा होतो. हे तिन्ही तर्क चुकीचे असू शकतात. ज्यास लोक सरसकट कंपवात म्हणतात त्या पार्किन्सनच्या विकारात हात विसावलेला असताना थरथरतो व कामास लागला की बहुधा शांत होतो. येथे नेमके उलट घडते. लिहिताना, सुईत दोरा ओवताना, कुलपात किल्ली घालताना हात सेकंदास 4 ते 12 वेळा हेलकावे घेतो. वैद्यकात या विकारास 'एसेन्शियल ट्रेमर' म्हणतात.

शब्दकोशात 'एसेन्शियल' म्हणजे 'आवश्यक' असा अर्थ सापडेल. पण असा कंप कोणास आवश्यक असणार? इटालियन वैद्य पिएत्रो बुर्रेसी यांनी 1874 साली एका तरुण रुग्णाच्या संदर्भात हे नाव योजले. ज्या विकाराचे काही कारण सापडत नसे, त्यास त्या काळी हे विशेषण लावीत. म्हणजे नावातच अज्ञानाची कबुली होती, आणि ती पुढे शतकाहून अधिक काळ टिकली.

विकार मात्र दुर्मिळ नव्हे. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेले अनुमान असे की, 65 वर्षांवरील शंभरांत चार-पाच जणांस तो असतो. मुंबईच्या पारशी वसाहतींतही घरोघर जाऊन पाहणी झाली; तिचा वृत्तांत 1988 साली प्रसिद्ध झाला. पुष्कळ रुग्णांच्या रक्ताच्या नात्यात असा कंप आढळतो. तरी सर्वांना लागू पडेल असे एकच जनुक हाती आलेले नाही.

मग हा कंप उपजतो कोठे? हे जाणण्यास मेंदूच पाहावयास हवा, आणि तो रुग्णाच्या मरणानंतरच पाहता येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. एलन लुईस व त्यांचे सहकारी यांनी रुग्णांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले. 2007 साली त्यांनी 33 रुग्णांचे मेंदू व तुलनेसाठी 21 इतर मेंदू यांचा वृत्तांत दिला. 33 पैकी 25 जणांच्या लहान मेंदूत बदल दिसले. शरीराच्या हालचालींना तोल व माप देणाऱ्या त्या भागातील पर्किन्जे पेशी कमी झाल्या होत्या, आणि उरलेल्यांच्या तंतूंवर पाणतीराच्या आकाराच्या गाठी होत्या. राहिलेल्या 8 जणांत बदल निराळ्याच जागी, मेंदूच्या देठात होते. तेव्हा विकार एक की अनेक, हाही प्रश्न उभा राहिला.

कॅनडातील डॉ. अली राजपूत यांच्या गटाने 2012 साली आपल्या संग्रहातील मेंदू मोजून सांगितले की, पर्किन्जे पेशींची घट त्यांना आढळली नाही. हा वाद चांगलाच झाला म्हणावयाचा. कारण त्यामुळे दृष्टी पेशींच्या संख्येवरून त्यांच्या जोडणीकडे वळली. पर्किन्जे पेशीवर वेलीसारखे चढणारे तंतू असतात. ते रुग्णांत प्रमाणाबाहेर पसरलेले दिसतात, आणि उंदरांत तशीच स्थिती घडवून आणली असता त्यांनाही कंप सुटतो, असे कोलंबियाच्याच संशोधकांनी 2020 साली दाखविले.

बाहेरचे एखादे विषही कारण असेल काय? हार्मलीन नावाचे वनस्पतिजन्य द्रव्य टोचले की जनावरे थरथरतात. त्याच्याच कुळातील हार्मेन मांस भाजताना तयार होते, आणि रुग्णांच्या रक्तात ते अधिक आढळले आहे. पण रक्तात अधिक आढळले म्हणजे त्यानेच विकार जडला, असे ठरत नाही.

प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे व प्रिमिडोन हे अपस्माराचे, अशी दोन उसनी औषधे आज मुख्यतः दिली जातात. त्यांनी सर्वांस सारखा उतार पडत नाही. म्हणून मेंदूंचा संग्रह चालूच आहे. दान देऊ इच्छिणारी वृद्ध माणसे हयातीतच कागदावर लेखणीने चक्राकार रेघ काढून पाठवितात. पुढे तो मेंदू आला की ती वेडीवाकडी रेघ त्याच्याशेजारी ठेवून संशोधक पाहतात.