शिंपल्याचे रक्त

आम्हां वऱ्हाडकरांचा आणि समुद्राचा संबंध तसा दूरचाच. अमरावती-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, तेवढीच काय ती समुद्राची आठवण. तरीही शिंपला आमच्या ओळखीचा आहे. नदीतला शिंपला दगडावर घासून त्याला भोक पाडायचे आणि त्याने कैरी सोलायची, हे मी आजीच्या हाती पाहिले आहे. पण त्यात राहणाऱ्या जिवाला रक्त असते का, हा प्रश्न तेव्हा मला कधी पडला नाही.

रक्त असते; मात्र ते लाल नसते. आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधील लोहामुळे येतो. खेकड्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते, म्हणून ते निळसर दिसते. कोकणात खडकांना चिकटून राहणाऱ्या कालवाचे रक्त तर जवळजवळ रंगहीन. त्यातल्या पेशी अमीबासारख्या सरपटतात, रोगजंतू गिळतात आणि साऱ्या शरीरात हिंडतात.

याच पेशींवर आणखी एक काम येऊन पडते. कालव पाणी गाळून आपले अन्न मिळवते. त्या पाण्याबरोबर तांबे व जस्तही आत येते. हे धातू थोडे हवेत; अति झाले की विष. तेव्हा रक्तपेशी ते सूक्ष्म कणांत कोंडून ठेवतात. कालव जगते, पण धातू साठत जातो. तैवानच्या किनाऱ्यावर १९८६ साली कालवे चक्क हिरवी झाली. भंगारातून धातू काढण्याच्या धंद्यातले तांबे नदीवाटे समुद्रात उतरले होते.

खरी मेख येथेच आहे. ज्या युक्तीने कालव वाचते, तीच खाणाऱ्याला बाधू शकते. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही. कल्याण-अंबरनाथकडच्या कारखान्यांचे सांडपाणी उल्हास नदीत गेले. पण प्रत्येक वेळी रंग बदलून इशारा मिळतोच असे नाही. मग खाडीत तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला नुसत्या डोळ्यांनी काय कळणार?

म्हणूनच एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली सुचविले, की किनाऱ्यावरचे शिंपलेच तपासावेत. बाटलीभर पाणी त्या क्षणापुरते सांगते; शिंपला महिनोन्‌महिन्यांचा हिशेब देतो.

आपल्या पूर्णेतला शिंपलाही असेच पाणी गाळतो. आपण नदीत काय सोडतो, याची नोंद तो मुकाट्याने ठेवीत असतो. ती वाचण्याची तसदी मात्र आपणच घ्यायला हवी.