किनारपट्टीवर शेतमाल वाहनातील बिघाड कसा ओळखावा? देवबाग परिसरासाठी मार्गदर्शन

आंबा, नारळ, भाजीपाला आणि मासळी बाजारात पोचविणारी पिकअप किंवा जीप हे किनारपट्टीवरील शेतकऱ्याचे पॉवर टिलरइतकेच महत्त्वाचे अवजार आहे. हापूसच्या हंगामात वाशीला किंवा फोंडा घाटमार्गे कोल्हापूरला निघालेली भरलेली गाडी वाटेत बंद पडली, तर उन्हात फळाची प्रत घसरते आणि बाजाराची वेळही चुकते. घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झाले, तर प्रश्न जिवाचाच असतो. त्यामुळे बिघाडाची लक्षणे वेळीच ओळखून ती मेकॅनिकला नेमकेपणाने सांगणे आवश्यक आहे.

खाऱ्या हवेचा गाडीवर परिणाम

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली खाडी यांच्यामधील अरुंद वाळूच्या पट्ट्यावर वसले आहे. गावात गाडी कोठेही उभी केली तरी तिला खारा वारा लागतोच. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेते आणि ओले होते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा, तारा व जोड यांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. या थरातून वीज सहज वाहते, म्हणून गंज वेगाने चढतो. दोन वेगळे धातू जेथे जोडलेले असतात, तेथे तो अधिक लवकर चढतो.

शेतमालामुळेही यात भर पडते. मासळीच्या बर्फाचे खारे पाणी हौद्यातून चासीवर गळते. खताच्या फाटक्या पोत्यातून सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश हेही एक मीठच आहे. मोरचूद लोखंड खातो, म्हणूनच आपण बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करत नाही. हाच मोरचूद हौद्यात सांडून ओला झाला, तर पत्र्याचेही तेच होते.

यावरून एक नियम लक्षात ठेवावा : किनारपट्टीवर सुटा भाग बदलण्याआधी जोड, तार आणि गंज तपासावा.

मेकॅनिकला लक्षण सांगा, निदान नको

पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच फवारणी करत नाही. पान जुने की नवे, पिवळेपणा शिरांत की शिरांमध्ये, पाणी साचते का, हे आधी पाहतो. गाडीचेही तसेच आहे. “डायनॅमो गेला, बदलून टाका” असे सांगितले, तर डायनॅमो बदलला जाईल, पण दोष तारेत असेल तर तो तसाच राहील. त्याऐवजी “सकाळी पहिल्यांदा सेल्फ नुसता टकटक करतो, दिवे मंद होतात, दुपारी मात्र लगेच सुरू होते” असे सांगितले, तर मेस्त्रीला कोठून सुरुवात करायची ते कळते.

गॅरेजला जाण्यापूर्वी पुढील नोंदी कराव्यात.

- बिघाड केव्हा होतो : इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, चढावर की सपाट रस्त्यावर, रिकामी गाडी असताना की भरलेली?
- आवाज कोठून येतो? ब्रेक, क्लच किंवा स्टिअरिंग वापरल्यावर तो बदलतो का?
- कोणता दिवा लागला? तो लाल होता की पिवळा? शक्य असल्यास मोबाईलवर फोटो घ्यावा.
- गाडीखाली काय गळते? पुठ्ठा ठेवून डागाचा रंग व जागा पाहावी.
- त्याआधी कोणते काम झाले होते? गाडी वाळूत रुतली होती का, पाण्यातून गेली होती का, बरेच दिवस उभी होती का?

गाडी सुरू होत नाही

- टकटक आवाज आणि मंद दिवे : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल गंजलेले असते. काही तास बंद असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली समजावी. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाल्यास चार्जिंग ठीक आहे.
- बॅटरी चांगली, तरी सेल्फ जड : अर्थिंगची तार पाहावी. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा धातू यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंग खराब आहे. ही तपासणी नवा सेल्फ घेण्याआधीच करून घ्यावी.
- सेल्फ जोरात फिरतो, इंजिन लागत नाही : डिझेल गाडीत फिल्टरमध्ये पाणी किंवा इंधनाच्या लाइनमध्ये हवा, तर पेट्रोल गाडीत स्पार्क किंवा इंधन पंप यांचा संशय घ्यावा.
- पेंढ्याजवळ उभी असलेली गाडी : उंदराने तारा कुरतडल्या आहेत का, हे आधी पाहावे.

टर्मिनलवरील पांढरी-हिरवट भुकटी गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने साफ करावी. प्रथम निगेटिव्ह तार काढावी आणि बसविताना ती शेवटी लावावी. कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेली लावावी.

इंजिन तापते

काटा वर गेल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, वाफेने गंभीर भाजते. थंड झाल्यावर कूलंटची पातळी, पंख्याचा पट्टा आणि पाइप पाहावेत.

किनाऱ्यावर रेडिएटरच्या बारीक पात्या मीठ व वाळूने बुजतात आणि गंजून गळतात. पाण्याची पातळी बरोबर असूनही भरलेली गाडी फक्त चढावर तापत असेल, तर मेस्त्रीला पात्या दाखवाव्यात. रेडिएटरमध्ये खाडीलगतच्या विहिरीचे मचूळ पाणी भरू नये. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणीच वापरावे.

कूलंट वारंवार कमी होते, गरम इंजिनातूनही पांढरा धूर येतो आणि ऑइलचे झाकण उघडल्यावर दुधाळ थर दिसतो, ही तिन्ही लक्षणे एकत्र असल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवू नये.

ब्रेक

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा लालसर थर येतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकला खरखर होऊन तो निघून जातो, त्याची चिंता नको. पुढील लक्षणे मात्र धोक्याची आहेत.

- खरखर दिवसभर राहणे.
- ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढणे.
- प्रवासानंतर एकच चाक जास्त गरम असणे. हात चाकाजवळ धरून अंदाज घ्यावा, डिस्कला लावू नये. असे असल्यास त्या चाकाचा ब्रेक अडकलेला असू शकतो.
- पेडल मऊ लागणे किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाणे. अशा गाडीत माल भरू नये आणि ती रस्त्यावर आणू नये.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते सुमारे दोन वर्षांनी बदलावे. त्याच वेळी ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरील गंज तपासून घ्यावा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. न्यूट्रल करू नये किंवा इंजिन बंद करू नये. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरची मदत संपते आणि ब्रेक फार जड होतो.

ओढ कमी होणे आणि धूर

- इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही : क्लच प्लेट घसरते आहे.
- काळा धूर : एअर फिल्टर बुजलेला किंवा इंजेक्टर खराब.
- निळसर धूर : इंजिन ऑइल जळते आहे.
- बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ असल्यास सतत गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्याने त्यात काजळी साचते. त्याचा दिवा लागल्यास गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे काही वेळ मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी.

‘चेक इंजिन’चा दिवा

नव्या गाड्यांत मेकॅनिक स्कॅनर लावून कोड वाचतात. कोणत्या सर्किटचा संदेश चुकीचा येतो आहे, एवढेच कोड सांगतो. सेन्सर खराब झाला की त्याचा प्लग गंजला, हे त्यातून कळत नाही. प्रथम प्लग काढून साफ करावा, कोड पुसून गाडी चालवावी आणि तोच कोड परत आला तरच पुढील तपासणी करून सेन्सर बदलावा.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

- कोणती तपासणी केली आणि किती रीडिंग आले?
- बदललेला जुना भाग दाखवाल का?
- बिघाड ज्या स्थितीत होतो, त्याच स्थितीत गाडी चालवून पाहिली का?

वर्षभराचे नियोजन

- ऑक्टोबर : पावसाळा संपल्यावर चासी, पाटे, सायलेन्सर व अर्थिंगची तपासणी.
- फेब्रुवारी : आंबा हंगामापूर्वी ब्रेक, क्लच, रेडिएटर, बॅटरी व टायर.
- मे अखेर : गंजलेली जागा घासून गंजरोधक रंग, वायपर व दिवे.
- नेहमी : मासळी किंवा खत वाहिल्यानंतर हौदा आणि गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असल्यास हँडब्रेक ओढू नये, तो गंजून अडकतो. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावा.

कृषी सहायक आणि शेतकरी गटांनी फेब्रुवारीतील तपासणी एकत्र ठेवल्यास एका मेस्त्रीकडून दिवसभरात अनेक गाड्या पाहून होतात. प्रत्येक गाडीत एक वही ठेवून तारीख, किलोमीटर, लक्षण, आढळलेला दोष आणि खर्च लिहावा. तोच बिघाड पुन्हा आल्यास ही वही मेस्त्रीपुढे ठेवावी.