घरगुती अँटेनाच्या प्रारण आकृतिबंधाचे मापन

अँटेना कोणत्या दिशेला किती शक्ती उत्सर्जित करतो हे दर्शविणाऱ्या आलेखास त्याचा प्रारण आकृतिबंध म्हणतात. अन्योन्यतेच्या तत्त्वानुसार ग्रहण करतानाही तोच आकृतिबंध लागू पडतो. त्यामुळे घरी बनवलेला अँटेना तपासण्यास स्वतःचा प्रक्षेपक लागत नाही. भारतात प्रक्षेपक चालवण्यास परवाना आवश्यक असल्याने ही मोठीच सोय आहे.

वसई-विरार परिसरात आकाशवाणी मुंबईचे १०७.१ मेगाहर्ट्झवरील एफएम प्रक्षेपण स्रोत म्हणून वापरता येते. त्याची तरंगलांबी सुमारे २.८ मीटर आहे. अँटेनाच्या कमाल लांबीच्या वर्गाची दुप्पट करून तीस तरंगलांबीने भागल्यास किमान अंतर मिळते. दोन मीटरच्या यागी अँटेनासाठी ते जेमतेम ३ मीटर भरते. प्रत्यक्षात अंतर अनेक तरंगलांबींएवढे असावे, आणि मुंबईचा प्रक्षेपक त्याहून कितीतरी दूर आहे. याउलट खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनास २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर हेच अंतर सुमारे १९ किलोमीटर लागते. तेथे अवकाशातील रेडिओ स्रोतच सोयीचे ठरतात.

== पद्धत ==
अँटेना बांबूवर शक्य तितका उंच, आडवा बसवून दर १० अंशांनी फिरवतात व ३६ नोंदी घेतात. ग्राहीचे स्वयंचलित वर्धन-नियंत्रण बंद ठेवणे अनिवार्य आहे, अन्यथा सर्व दिशा सारख्याच भासतात. एफएम लहरींचा आयाम कार्यक्रमानुसार बदलत नाही, म्हणून वाचने स्थिर राहतात. शेवटी पहिली नोंद पुन्हा घ्यावी. कमाल वाचनाच्या तुलनेत प्रत्येक नोंद डेसिबेलमध्ये मांडून ध्रुवीय आलेख काढतात.

== परावर्तनाचा दोष ==
खरी अडचण येथे येते. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर आणि रेल्वेमार्गालगतच्या उंच इमारती लहरी परावर्तित करतात. समजा, अँटेनाची पाठ पुढच्या बाजूपेक्षा २० डेसिबेल क्षीण आहे. पाठ मुंबईकडे करताच समोरून येणारी परावर्तित लहर मूळ लहरीपेक्षा २० डेसिबेलच क्षीण असेल, तर दोन्ही संकेत समान होतात. कला जुळल्यास फरक १४ डेसिबेलच दिसतो. विरुद्ध असल्यास संकेत जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून अँटेना मीटरभर सरकवून मापन पुन्हा करावे: जागेनुसार बदलणारा भाग परिसराचा, कायम राहणारा अँटेनाचा. मिठागरांसारखी मोकळी जागा मिळाल्यास उत्तम.

अर्धतरंग द्विध्रुवावर पद्धत आधी पडताळावी. त्याचा आकृतिबंध इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असून अर्धशक्ती रुंदी सुमारे ७८ अंश असते. दोन्ही खाचा असमान आल्या, तर परावर्तनाखेरीज समाक्ष तारेच्या बाह्य आवरणावरून वाहणारा प्रवाहही तपासावा. बॅलन नसल्यास ती तार स्वतःच अँटेनाचा भाग बनते.