सर्व्हिसिंगनंतर मोटारींत येणारा नवा आवाज व त्याचा तपास

पावसाळा संपून वाटा वाळल्या, म्हणजे दसऱ्याच्या आधीं गाडी कारखान्यांत नेऊन तिचें सर्व्हिसिंग करून घेण्याची चाल आतां खेड्यापाड्यांतही रूढ झाली आहे. खंडेनवमीस नांगर, विळे, कोयते यांच्याबरोबर ट्रॅक्टर व मोटार यांचीही पूजा होते, आणि पूजेस उभी करावयाची गाडी नीटनेटकी असावी असें प्रत्येकास वाटतें. चार महिने चिखलांतून व खड्ड्यांतून धांवलेल्या गाडीचें तेल बदलणें, ब्रेक उघडून साफ करणें, टायरांची अदलाबदल करणें हें अवश्यच आहे. परंतु पुष्कळ वेळां असें घडतें कीं, कारखान्यांत जातांना गाडी मुकाट्यानें गेली आणि परत येतांना मात्र तिच्यांतून पूर्वीं कधीं न ऐकलेला आवाज येऊं लागला. अशा वेळीं कांहीं मालक "दोन दिवसांत जाईल" म्हणून स्वस्थ बसतात. कांहीं घाबरून, जो मिस्त्री जें सांगेल तो भाग बदलीत सुटतात. पहिल्या मार्गानें जिवावर बेततें, दुसऱ्यानें खिशावर. म्हणून हा आवाज कसा ओळखावा, कोणता सोसावा आणि कोणता ऐकतांच गाडी तेथल्या तेथें उभी करावी, याचा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आवाजाचा फेरफार

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्ही एक गोष्ट शिकलों. सात-बाराच्या उताऱ्यावर नांव बदललेलें दिसलें, म्हणजे प्रथम फेरफाराचा क्रमांक पाहावयाचा. कारण फेरफारावांचून नोंद बदलत नाहीं. गाडीच्या आवाजासही हाच न्याय लागतो. नवा आवाज ही नवी नोंद होय. तिच्या आधीं गाडीच्या कोणत्या भागास हात लागला, हा तिचा फेरफार. म्हणून कारखान्याचें जॉबकार्ड किंवा बिल हा या तपासाचा पहिला कागद समजावा. त्यावर चाकें काढून ब्रेक साफ केल्याचें लिहिलें असेल व आवाज चाकाकडून येत असेल, तर इंजिन उघडण्याची घाई कोणी करूं नये.

तथापि जें नंतर झालें तें त्यामुळेंच झालें, असेंही धरून चालूं नये. अशा आवाजांचे तीन वर्ग पडतात. पहिला, काम करणाऱ्याच्या हातून कांहीं ढिलें, वांकडें किंवा विसरलेलें राहिलें त्याचा. दुसरा, नवा बसविलेला भाग अजून रुळला नाहीं त्याचा. आणि तिसरा, दोष आधींच होता पण आतां ऐकूं येऊं लागला त्याचा. पहिल्यास कारखानदार जबाबदार, दुसऱ्यास काळ हेंच औषध, व तिसऱ्यास मालकानेंच खर्च करावयाचा. हे वर्ग ओळखतां आले, म्हणजे निम्मा वाद मिटतो.

उभ्या गाडीची पाहणी

आवाज ऐकूं येतांच गाडी सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें व थोडें थंड होऊं द्यावें. मग चारी चाकांचे नट पान्यानें तपासावे. बॉनेट उघडून कोठें फडकें किंवा पाना विसरला आहे काय, तेलाचें झांकण बसलें आहे काय, एअर फिल्टरच्या पेटीच्या कड्या लागल्या आहेत काय, हें पाहावें. तेलाची पट्टी पुसून पुन्हा घालावी व पातळी दोन खुणांच्या मध्यें आहे याची खात्री करावी. शेवटीं वांकून गाडीखालीं पाहावें. कांहीं लोंबत असेल किंवा जमिनीवर तेलाचा ताजा डाग असेल, तर तें नजरेस पडेलच. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखालीं मात्र कोणींही शिरूं नये.

चार परीक्षा

पाहणींत कांहीं न सांपडल्यास पुढील चार परीक्षा क्रमानें कराव्या.

पहिली : गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्यें व हातब्रेक ओढलेला असतां ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. आवाज त्याबरोबर वाढला, तर मूळ इंजिन, त्याचा पट्टा, हवेची नळी किंवा सायलेन्सर यांत आहे.

दुसरी : सपाट व रिकाम्या रस्त्यावर ताशीं ३० किलोमीटर वेगानें जातांना क्लच दाबावा. इंजिनाचा वेग उतरला तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकें, ब्रेक किंवा दांडा यांचा आहे. या परीक्षेसाठीं चालत्या गाडीचें इंजिन कधींही बंद करूं नये. तसें केल्यास ब्रेकला व स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते. उतारावर तर ही परीक्षा मुळींच करूं नये.

तिसरी : ब्रेक हलकेच दाबून पाहावा. दाबतांच आवाज उठला किंवा थांबला, तर दोष ब्रेकपाशीं.

चौथी : मोकळ्या जागेंत गाडी डावीकडे व उजवीकडे सावकाश वळवावी. एका बाजूस वळतांना आवाज बदलला, तर बेअरिंग किंवा पुढील चाकांच्या दांड्याचा सांधा संशयित ठरतो.

ठोक्यासारखा आवाज असल्यास मोजणीही उपयोगीं पडते. साधारण मोटारीच्या चाकाचा घेर सुमारें २ मीटर असतो. ताशीं १० किलोमीटर वेगानें गाडी १० सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते, म्हणजे चाक १४ वेळां फिरतें. शेजारीं बसलेल्यानें घड्याळ धरून ठोके मोजावे. ते १४ च्या आसपास भरले तर चाक, टायर किंवा ब्रेक. त्याच्या तिपटी-चौपटीनें भरले तर मागील चाकांस गति देणारा लांब दांडा, असें समजावें.

चाकांचे आवाज

सर्वांत घातक आवाज चाकांचाच. चाकें काढून पुन्हा बसविल्यावर खट्खट् किंवा धप्धप् असा चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा आवाज आला, अथवा स्टिअरिंग थरथरूं लागलें, तर नट ढिले आहेत असें धरूनच चालावें व गाडी तत्काळ थांबवावी. चाक व हब यांच्यामध्यें चिखल किंवा गंज राहिला असेल, तर घट्ट वाटलेला नटही कांहीं अंतर गेल्यावर ढिला होतो. नट एका मागून एक ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावे, व शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा. जोर किती द्यावा याचा आंकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत दिलेला असतो. पान्यावर पाय देऊन उभें राहिल्यानें आटे बिघडतात. चाकें काढलेल्या गाडीचे नट पहिल्या १०० किलोमीटरांच्या आंत एकदां पुन्हा तपासणें, ही संवय प्रत्येकानें लावून घ्यावी.

टायरांच्या अदलाबदलीनंतर येणारी घूं-घूं मात्र बहुधा तिसऱ्या वर्गांतील असते. मागें असतांना वेडेवांकडे झिजलेले टायर पुढें आले, कीं त्यांचा गुणगुणाट चालकाच्या कानाजवळ येतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर जातांना हा आवाज बदलतो. बेअरिंगची घूं-घूं रस्ता बदलला तरी तशीच राहते, पण वळणावर भार एका बाजूस गेला म्हणजे कमीजास्त होते.

ब्रेकचे आवाज

गाडी धुतल्यानंतर किंवा रात्रभर दंवांत उभी राहिल्यानंतर डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळीं पहिल्या चार-दोन ब्रेकांस येणारी खरखर त्याची असते व आपोआप जाते. नवे पॅड घातले असल्यास ते डिस्कवर बसेपर्यंत थोडी किंचाळी येऊं शकते. पहिले २०० ते ३०० किलोमीटर एकदम जोराचा ब्रेक टाळावा. परंतु लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येत असेल, ब्रेक दाबतांना गाडी एकीकडे ओढत असेल, किंवा एकच चाक इतरांहून जास्त तापत असेल, तर वाट पाहूं नये. हातब्रेक फार ताणून बसविल्यानेंही मागील ड्रम घासतो व तापतो.

डिस्कच्या मागें धूळ अडविण्यासाठीं पातळ पत्रा असतो. काम करतांना तो वांकला, अथवा शेतवाटेवरचा बारीक खडा त्यांत अडकला, तर कान फाटतील असा आवाज येतो. आमच्या माहितींतील एका बागायतदाराच्या गाडींत ब्रेकच्या सफाईनंतर अशीच खरखर सुरू झाली. त्यांनीं काम केलेल्या कारखान्यांत न जातां वाटेंतल्या दुसऱ्या मिस्त्र्यास गाडी दाखविली. त्यानें बेअरिंग बदललें, पण खरखर कायम. शेवटीं चाक काढून पाहिलें, तों हाच पत्रा डिस्कला टेकलेला आढळला. तो हातानें मागें सारतांच आवाज बंद झाला. बेअरिंगचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

इंजिनाचे आवाज

तेल व फिल्टर बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करतांना नवा फिल्टर भरेपर्यंत क्षणभर टिक्-टिक् ऐकूं येते. ती थांबली तर चिंता नाहीं. ती चालूच राहिली, तर तेल कमी पडलें आहे, पुस्तकांत सांगितलेल्या प्रतीचें नाहीं, किंवा फिल्टर योग्य नाहीं, असा संशय घ्यावा. जुन्या फिल्टरचें रबरी कडें इंजिनास चिकटून राहिलें व त्यावरच नवा फिल्टर बसला, तर तेल दाबानें बाहेर फेकलें जातें. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा सुरुवातीस लागून लगेच विझला पाहिजे. चालत्या गाडींत तो लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावें. "गांव जवळ आहे, तेवढें गांठूं" असें म्हणणाऱ्याचें इंजिन गांवापर्यंत जाईल, परंतु पुढें तें उघडूनच दुरुस्त करावें लागेल. तेल जास्त ओतणेंही चांगलें नव्हे. फिरत्या दांड्यानें तें घुसळलें जाऊन त्यास फेंस येतो व वंगण नीट होत नाहीं.

सकाळीं सुरू करतांच चिर्र असा आवाज येत असेल व दिवे किंवा वातानुकूलन लावल्यावर तो वाढत असेल, तर पट्टा ढिला आहे, झिजला आहे, किंवा त्यावर तेल सांडलें आहे. आवाज बंद व्हावा म्हणून पट्ट्यास तेल किंवा ग्रीस लावणें हा उपाय नसून अपाय आहे. चालू इंजिनाजवळ वांकतांना उपरणें, सदऱ्याची बाही, पदर, बांगड्या संभाळाव्या.

ॲक्सिलरेटर दाबतांना शीळ किंवा सूं-सूं येत असेल, तर फिल्टरच्या पेटीचें झांकण किंवा हवेची नळी नीट बसलेली नाहीं. टर्बो असलेल्या डिझेल गाडींत त्याबरोबर ओढ कमी होऊन काळा धूर निघाला, तर नळीचाच दोष समजावा. ही शीळ वरवर क्षुल्लक वाटते, पण पेटी उघडी राहिल्यास शेतवाटेची धूळ गाळल्याशिवाय इंजिनांत जाते व आंतले भाग झिजवते.

पत्रे, दांडा व इतर

ठराविक वेगावर फडफड येत असेल, तर इंजिनाखालील आवरणाचा बोल्ट राहिला असेल. डब्यांतल्या खड्यासारखी झणझण सायलेन्सरवरील उष्णतारोधक पत्र्याची असते. बोलेरोसारख्या मागील चाकांस गति देणाऱ्या गाडींत सावकाश जातांना चिमणीसारखी चिव्-चिव् आली, तर दांड्याच्या क्रॉसला ग्रीस मिळालेलें नाहीं असें जाणावें. आंतील हवेच्या पंख्यांतून टक्-टक् येत असून पंख्याच्या वेगाबरोबर ती बदलत असेल, तर पाला किंवा काडी आंत पडली आहे. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडींत उंदीर काड्या व दाणे आणून ठेवतात, हेंही लक्षांत असावें.

मिस्त्र्यास काय सांगावें

"बेअरिंग गेलें आहे" असा निकाल मालकानें देऊं नये; पुरावा द्यावा. आवाज केव्हांपासून, कोणत्या वेगावर, थंड इंजिनावर कीं तापल्यावर, ब्रेकनें बदलतो कीं वळणानें, एवढें कागदावर लिहून न्यावें. मोबाईलवर आवाज टिपून ठेवावा, आणि शक्य तर मिस्त्र्यास शेजारीं बसवून गाडी फिरवून आणावी. गाडी सुरक्षित चालण्याजोगी असेल, तर प्रथम ज्यानें काम केलें त्याच्याकडेच न्यावी, व तीही लवकर. मध्यें दुसऱ्याचा हात लागला, कीं जबाबदारी कोणाची हें ठरविणें कठीण होतें. चालण्याजोगी नसेल, तर त्यालाच जागेवर बोलवावें. बदललेले जुने भाग मागून घ्यावे.

चाकाचा ठोका, लोखंडाची घासाघीस, तेलाचा तांबडा दिवा आणि इंजिनाच्या पोटांतून येणारा जड ठोका, या चारांपैकीं एकही आढळल्यास गाडी पुढें नेऊं नये. बाजाराची वेळ टळेल, भाड्याचें दुसरें वाहन करावें लागेल, पण तें नुकसान भरून येण्याजोगें आहे. बाकीच्या आवाजांचा तपास शांतपणें करतां येतो. हीच रीत थोड्या फरकानें ट्रॅक्टरलाही लागू पडते. बैल लंगडूं लागला असतां शेतकरी आधीं त्याचा खूर उचलून पाहतो, मग पशुवैद्यास बोलावतो. गाडीच्या बाबतींतही तीच दृष्टि ठेवल्यास यंदाच्या हंगामांत आमच्या वाचकांचा खर्च वांचेल आणि प्रवासही निर्धोक होईल.