लहान मुलांचे कोडिंग आणि डोळ्यांचे आरोग्य

मूल पहिली-दुसरीत गेले की त्याला कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग, म्हणजे आजच्या भाषेत ‘कोडिंग’, शिकवावे काय, हा प्रश्न आता पालमसारख्या तालुक्याच्या गावातील पालकांनाही पडतो. प्रश्न शिक्षणाचा वाटला तरी तो आरोग्याचाही आहे. टेबलावर कॉम्प्युटर असणारी घरे आपल्याकडे थोडी. बहुतेक मुलांचे हे शिक्षण वडिलांच्या मोबाईलवर होणार. तळहाताएवढा पडदा, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, आणि तोही बहुधा रात्री. कारण दिवसा मोबाईल वडिलांबरोबर शेतात नाहीतर बाजारात असतो.

बालपणी नेत्रगोल वाढत असतो. तो प्रमाणाबाहेर लांब झाला तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते आणि फळ्यावरचे अंधुक दिसू लागते. यालाच मायोपिया किंवा बोलीभाषेत ‘मायनस नंबर’ म्हणतात. एकदा लांबलेला नेत्रगोल पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसते, पण मूळ दोष जात नाही. तासन्‌तास जवळचे पाहणे आणि घराबाहेर कमी राहणे या दोन्हींचा याच्याशी संबंध आढळतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवून पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायोपिया झाला. नेहमीप्रमाणे शाळा करणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. अर्थात आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत मुलांना भर दुपारी बाहेर पाठवू नये. लिंबाच्या सावलीतला उजेडही घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

मग कोडिंग शिकवूच नये काय? तसे मुळीच नाही. प्रोग्रॅमिंग म्हणजे पडदा नव्हे. एखादे काम नेमक्या पायऱ्यांत मांडणे आणि चुकलेली पायरी शोधून दुरुस्त करणे, हे त्याचे मर्म आहे. अमेरिकेत १९६७ साली सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. त्यातील कासवाला आज्ञा देऊन आकृत्या काढायच्या असत. आज्ञा सुचेना तर मुलाने स्वतःच कासव होऊन चालून पाहावे, असे पॅपर्ट सांगत. ‘दहा पावले पुढे जा, उजवीकडे काटकोनात वळ’ हे चार वेळा केले की अंगणात चौकोन तयार! आपल्याकडे ‘एसीएम इंडिया’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सुरू केलेला ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रमही संगणकाविना खेळ व कोडी देऊन शाळांतून हाच विचार शिकवतो.

घरी तर याला खर्चही नाही. ‘रांजण भरेपर्यंत तांब्या ओतत राहा’ ही पुनरावृत्तीची आज्ञा झाली. ‘आभाळ आले असेल तर वाळवण आत घे, नाहीतर राहू दे’ ही अटीची आज्ञा. ठिकरीच्या चौकटी आखून एका मुलाने आज्ञा लिहाव्यात, दुसऱ्याने त्या अक्षरशः पाळाव्यात. आज्ञा चुकली की तो भलत्याच घरात जातो आणि हसू पिकते. चूक कोठे झाली हे मग मुले आपणच शोधतात.

पडद्यावरच्या कोडिंगची घाई नको. ‘स्क्रॅच’ ही प्रसिद्ध भाषा मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत येते. जाहिरातींना तर भुलूच नये. त्याच वर्षी अशाच एका कोडिंग कंपनीच्या पाच जाहिराती भारतीय जाहिरात मानक परिषदेने मागे घ्यायला सांगितल्या होत्या.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी दोन तासांपेक्षा कमी पडदा पाहावा. यात टीव्हीही धरला आहे, ही गोष्ट बरेच पालक विसरतात! मोबाईलवर शिकायचेच असेल तर तो हातभर लांब, भिंतीला टेकवून ठेवावा. दर २० मिनिटांनी नजर उचलून अंगणापलीकडे पाहायला सांगावे. एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे चुरचुरतात. झोपेच्या तासभर आधी मोबाईल बंद.

मूल डोळे बारीक करून पाहते, टीव्हीला चिकटून बसते किंवा फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, असे दिसल्यास डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा दृष्टीही तपासते. त्या दिवशी मुलाची शाळा बुडवू नये. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात न ठेवता नेत्रतज्ज्ञाकडे न्यावी आणि चष्मा निघाल्यास तो मुलीलाही घालू द्यावा.